औषधांची पिशवी : वृद्धांचा रक्तदाब आणि गोळ्यांची गर्दी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका माजी विद्यार्थी डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सभागृहात मी एकेकाळी मागच्या बाकावर बसून भाषणे कधी संपतील याची वाट पाहत असे, त्याच सभागृहात आज मला भाषण करावयास बोलाविले आहे. तेव्हा मागच्या बाकावरील मंडळींची अडचण मी पूर्णपणे जाणून आहे. चिटणीस साहेबांनी विषय सुचविला होता ‘आरोग्य आणि शिक्षण’. विषय फार मोठा, आणि त्यावर बोलून कोणाच्या हाती काही लागेल असे मला वाटेना. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी तो लहान करून घेतला आहे. आज मी फक्त एका पिशवीविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती आहे. दादीच्या पलंगाच्या उशाशी, नानांच्या कपाटात, किंवा फ्रीजवर ठेवलेल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात. औषधांची पिशवी.

ही पिशवी मला कशी भेटली ते प्रथम सांगतो. त्यात माझी स्वतःची चूक आहे, आणि ती लपवून ठेवून मी आपल्याला शहाणपण शिकवावे हे बरे दिसणार नाही.

माझी अम्मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. मी मुंबईला रुग्णालयात नोकरी करीत होतो, धाकटा भाऊ कुवेतला. अम्मी गावीच राहत असे, घर सोडावयास तयार नव्हती. मी महिन्यातून दोन वेळा फोन करून विचारीत असे, “अम्मी, बी.पी.ची गोळी घेतेस ना?” ती म्हणे, “घेते रे बाबा, सगळ्या घेते.” ‘सगळ्या’ या शब्दाकडे माझे लक्ष गेले नाही. डॉक्टर असून गेले नाही. थंडीच्या दिवसांत एके पहाटे फजरच्या वजूसाठी ती उठली, चार पावले चालली आणि मोरीच्या उंबऱ्याजवळ कोसळली. मनगट मोडले. खुब्याचे हाड मोडले नाही ही अल्लाहची मेहेरबानी, कारण त्या वयात खुबा मोडला की पुष्कळ माणसे पुन्हा पूर्वीसारखी चालत नाहीत.

मी गावी पोहोचलो आणि पहिल्यांदा ती पिशवी पलंगावर उपडी केली. अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि दोन औषधांना तर चिठ्ठीच नव्हती. एक गोळी भावाने कुवेतहून पाठविलेली, डबीवर अरबी अक्षरे. ती आणि इथल्या दुकानातून आणलेली एक गोळी, नावे निराळी असली तरी आतले औषध तेच होते. म्हणजे अम्मी कित्येक महिने एकच औषध दुप्पट घेत होती. भावाने प्रेमाने पाठविलेले, इथल्या डॉक्टरांनी काळजीने दिलेले, अम्मीने आज्ञाधारकपणे गिळलेले. दोष कोणाला द्यावा? विचारावयाचे ते मी विचारले नव्हते, एवढेच मी जाणतो.

आता त्या अकरा गोळ्या आल्या कशा, हे पाहण्यासारखे आहे. मी त्या रात्री चिठ्ठ्या तारखेवार लावल्या आणि सारी हकीकत उलगडत गेली.

सुरुवात एका चांगल्या औषधाने झाली होती. रक्तदाब वाढला म्हणून अम्मीला अ‍ॅम्लोडिपिन दिले गेले, पुढे त्याची मात्रा पाच मिलिग्रॅमवरून दहा केली गेली. या औषधाने रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. परंतु मात्रा वाढली की काही लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, घोट्यांवर सूज येते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपते म्हणून ती सूज येते. शरीरात पाणी जास्त झाले म्हणून नव्हे. अम्मीने सूज दुसऱ्या डॉक्टरांना दाखविली. त्यांना पहिली गोळी ठाऊक नव्हती, अम्मीने सांगितली नाही. त्यांनी लघवी वाढविणारी गोळी दिली. सूज फारशी उतरली नाही, पण अम्मीला रात्री चार चार वेळा उठावे लागू लागले. मग लघवीवर ताबा राहावा म्हणून आणखी एक गोळी आली. तिने तोंड कोरडे पडू लागले आणि शौचास होईना. त्यासाठी चूर्ण. लघवीच्या गोळीने रक्तातील युरिक अ‍ॅसिड वाढले, पायाचा अंगठा ठणकू लागला. त्यासाठी वेदनाशामक. वेदनाशामकाने पोटात आग पडू लागली, म्हणून आम्लपित्ताची गोळी. आणि त्याच वेदनाशामकाने रक्तदाब पुन्हा वर चढला, म्हणून रक्तदाबाची दुसरी गोळी!

पाहिलेत? पहिल्या गोळीचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला गेला, आणि त्या ‘आजारा’वर दुसरी गोळी आली. दुसरीच्या दुष्परिणामावर तिसरी. कॅनडा आणि अमेरिकेतील वृद्धांच्या वैद्यकाचे दोन अभ्यासक, पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ, यांनी १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये या प्रकारावर लेख लिहिला, आणि त्याला धबधब्यावरून धबधबा कोसळावा अशा अर्थाचे नाव दिले. आपल्याकडे यालाच पायात काटा, काट्यासाठी सुई आणि सुईच्या जखमेसाठी मलम असे म्हणता येईल. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होता. पण सबंध पिशवी कोणीच पाहिली नव्हती.

अम्मी पडली ती का, तेही सांगतो. निजलेली असताना तिचा वरचा दाब दीडशे होता. उभी केली आणि दोन मिनिटांनी मोजला तर एकशे अठरा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब वीस किंवा अधिक, अथवा खालचा दहा किंवा अधिक उतरला, तर त्याला वैद्यकात दोष मानतात. तरुण माणूस उठला की त्याच्या रक्तवाहिन्या तत्काळ आवळतात आणि मेंदूकडे रक्त जात राहते. म्हातारपणी ही तत्परता कमी होते, त्यात गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैलावलेल्या, लघवीच्या गोळीने शरीरातले पाणी कमी झालेले. पहाटे अंथरुणावरून झटकन उठणे म्हणजे अशा माणसाला खोल विहिरीच्या काठावर उभे करणेच होय. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना एकच विनंती करावी : “डॉक्टरसाहेब, बसवून मोजलात, आता उभे करूनही मोजा.” याला काही खर्च नाही.

वृद्ध शरीर औषधाला निराळ्या तऱ्हेने वागविते, हेही ध्यानात घ्यावे. वय वाढते तशी मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती उतरते, म्हणून औषध शरीरात अधिक काळ राहते. शरीरातील पाणी कमी आणि चरबीचे प्रमाण अधिक होते. चाळिशीच्या मुलाला जी मात्रा मानवते तीच सत्तरीच्या बापाला जड जाऊ शकते. म्हणून “मला या गोळीने बरे वाटले, अब्बा, तुम्हीही घ्या” हा प्रेमळ सल्ला कृपा करून देऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी थोडे गणित. दोन औषधे असली तर त्यांची जोडी एकच होते. पाच असली तर दहा जोड्या होतात. दहा औषधे असली तर पंचेचाळीस! सूत्र तुमच्या गणिताच्या सरांना विचारा. प्रत्येक जोडी भांडतेच असे नाही, पुष्कळ जोड्या गुण्यागोविंदाने नांदतात. पण भांडण होण्याच्या जागा किती वाढतात ते पाहा. अम्मीच्या पिशवीत पंचावन्न जोड्या होत्या. नियमितपणे पाच किंवा त्याहून अधिक औषधे घेणे याला सामान्यतः ‘बहुऔषधी’ अवस्था समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी हानी कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली, तिच्या तीन मुख्य विषयांपैकी एक हाच आहे.

इथे मी जरा थांबतो. माझे इतके बोलणे ऐकून कोणी घरी जाऊन वडिलांच्या गोळ्या खिडकीबाहेर फेकील, अशी मला धास्ती वाटते. तसे कदापि करू नये.

उच्च रक्तदाबावर औषधे नव्हती तो काळ फार जुना नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले. जगातील सर्वांत बलाढ्य देशाचा प्रमुख, हाताशी उत्तमोत्तम डॉक्टर, आणि त्या दिवशी त्यांचा वरचा दाब तीनशेच्या घरात नोंदला गेला होता. तो उतरविण्यासाठी कामाचे औषध कोणाजवळ नव्हते.

आणि पहिल्या कामाच्या औषधांपैकी एक आपल्या देशातून गेले, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वैद्य आणि हकीम पिढ्यान्‌पिढ्या वापरीत. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमां सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह १९३१ साली त्या मुळीतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी केली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याहून गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाब उतरविते असे लिहिले. पुढे १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ मध्ये प्रसिद्ध केला आणि सर्व जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून ‘रिसर्पिन’ वेगळे काढले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. एक पारशी डॉक्टर, एक मुस्लिम रसायनशास्त्रज्ञ, बंगालचे दोन हिंदू वैद्यकतज्ज्ञ, आणि मुळी या मातीतली! या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रिसर्पिनने काही रुग्ण अतिशय उदास होतात असे पुढे दिसून आले, आणि नवी औषधे आल्यावर ते मागे पडले. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी. सर्पगंधा असलेली चूर्णे व गोळ्या अजूनही मिळतात, आणि रक्तदाबाच्या इतर गोळ्यांबरोबर त्या घेतल्या तर दाब प्रमाणाबाहेर उतरू शकतो.

तर, औषधांचा उपयोग होतो की नाही? निश्चितपणे होतो, आणि ऐंशीच्या पुढेही होतो. याविषयी पूर्वी डॉक्टरांनाही शंका होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अनेक देशांतील ऐंशी वर्षांपुढील ३,८४५ रुग्णांना निम्म्यांना खरी गोळी व निम्म्यांना दिसायला तशीच निकामी गोळी दिली गेली. खरी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू एकपंचमांशाने कमी झाले, आणि ही चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबविण्यात आली, कारण दुसऱ्या गटाला औषधाविना ठेवणे योग्य नव्हते. त्या चाचणीत औषधे किती होती? एक, आणि गरज पडली तर जोडीला दुसरे. हे मुद्दाम सांगतो.

काही गोळ्या तर अचानक बंद करणे धोक्याचे असते. अटेनोलोल, मेटोप्रोलोल या वर्गातील औषधे एकदम सोडली तर छातीत दुखणे, धडधड, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. क्लोनिडीन एकदम सोडले तर रक्तदाब उसळतो. ती पायरीपायरीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करावयाची. अम्मीच्या गोळ्याही मी स्वतः काढल्या नाहीत. मुलाने आईचा डॉक्टर होऊ नये, डोळ्यांवर माया येते. वृद्धांवर उपचार करणाऱ्या माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांकडे तिला नेले. त्यांनी कुवेतची डबी बाजूला केली, अ‍ॅम्लोडिपिन दहाचे पाच केले, वेदनाशामक बंद केले. मग आठ-दहा दिवसांच्या अंतराने एकेक करून लघवीची, लघवी धरणारी, पोटाची अशा गोळ्या उतरविल्या. तीन महिन्यांनी चार गोळ्या राहिल्या. दाब आटोक्यात, आणि उभे राहिल्यावरही आटोक्यात. अम्मी म्हणाली, “पूर्वी नाश्त्याआधी गोळ्यांनीच पोट भरत होते.”

वेदनाशामकाविषयी दोन शब्द अधिक बोलतो, कारण आपल्या भागात हाच सर्वांत मोठा चोर आहे. गुडघे दुखतात, कंबर दुखते. दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसेक्लोफेनॅक अशा गोळ्या आणून लोक महिनोन्‌महिने खातात. या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवितात, रक्तदाबाच्या औषधांचा गुण कमी करतात. एकीकडे टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी गोळी, दुसरीकडे लघवीची गोळी, आणि तिसरीकडून ही वेदनाशामक, असे त्रिकूट वृद्धाच्या मूत्रपिंडाला फार घातक ठरते. त्यात जुलाब-उलट्या झाल्या किंवा पाणी कमी प्यायले गेले तर अधिकच. गुडघेदुखीला शेक, मलम, व्यायाम, आणि डॉक्टरांना विचारून मोजकी पॅरासिटामॉल, एवढ्यावर पुष्कळांचे भागते. मी गावात असतो तेव्हा लोक विचारतात, “डॉक्टर, बी.पी.ची गोळी वाढविली तरी दाब उतरत नाही, काय करू?” मी आधी विचारतो, “गुडघ्यासाठी काय खाता?” निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडते.

सर्दीच्या गोळ्यांचेही तसेच. नाक मोकळे करण्यासाठी त्यांत जे द्रव्य घालतात ते रक्तवाहिन्या आवळते आणि दाब चढविते. सोबत असणाऱ्या गुंगीच्या औषधाने म्हातारी माणसे गोंधळतात, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. जोशांदा तरी निरुपद्रवी असेल असे आपण समजतो. एखाद्या वेळी घेतला तर बिघडत नाही. पण त्यातील मुलेठी, म्हणजे जेष्ठमध, रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेली तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम उतरते. उलट मिठाऐवजी म्हणून बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंड अशक्त असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. हकिमांकडून औषध घेऊ नका असे मी म्हणत नाही. हकिमांना डॉक्टरांच्या गोळ्या दाखवा आणि डॉक्टरांना हकिमांची पुडी दाखवा, एवढेच म्हणतो. औषधांकडे दोन्ही अंगांनी पाहण्याची रीत युनानी परंपरेला नवीन नाही. इब्न सीना यांच्या ‘अल्-कानून’ ग्रंथाच्या पाच भागांपैकी दुसरा संपूर्ण भाग एकेकट्या औषधांचा आणि पाचवा मिश्र औषधांचा आहे. एक औषध स्वतंत्रपणे कसे वागते हे आधी पाहावे आणि मगच मिश्रणाकडे वळावे, असा तो क्रम.

मूठभर औषधांत पुष्कळांचे भागते हे सरकारी अनुभवातूनही दिसते. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी होता. त्यात सरकारी दवाखान्यांसाठी थोडी, ठराविक, स्वस्त औषधे आणि त्यांच्या पायऱ्या आखून दिल्या गेल्या. दोन औषधे एकाच गोळीत असतील तर गोळ्यांची संख्या आणखी घटते. मात्र अशा जोडगोळीचे नाव एकच असल्याने आत दोन औषधे आहेत हे रुग्णाला कळत नाही, आणि शेजारच्या डॉक्टरांनी त्यांतलेच एक पुन्हा लिहून दिले तर अम्मीसारखीच गत होते. म्हणून पाकिटावरील मोठ्या अक्षरांतले कंपनीचे नाव वाचून थांबू नका. त्याच्याखाली लहान अक्षरांत औषधाचे खरे नाव असते, ते वाचा. दुकानदार पट्टी कापून चार गोळ्या देतो तेव्हा बरेचदा नाव आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते. नाव असलेला तुकडा मागून घ्या. मागण्यात लाज कसली?

रक्त पातळ राहावे म्हणून कित्येक धडधाकट वृद्ध वर्षानुवर्षे रोज अ‍ॅस्पिरिन घेतात. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील एकोणीस हजारांवर निरोगी वृद्धांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना पूर्वी हृदयविकार वा पक्षाघात झालेला नव्हता त्यांना तिचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढले. ज्यांना झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या हृदयात स्टेंट बसविला आहे त्यांची गोष्ट अगदी वेगळी. त्यांनी ती गोळी मुळीच सोडू नये.

रमजानविषयी बोलल्याशिवाय मला या व्यासपीठावरून उतरता येणार नाही. दरवर्षी मी पाहतो, आपले बुजुर्ग दिवसभराच्या तिन्ही वेळच्या गोळ्या एकदम सहेरीला घेतात, किंवा महिनाभर बंदच ठेवतात. दोन्ही चुकीचे. रक्तदाब नियंत्रणात असलेले पुष्कळ लोक रोजे ठेवू शकतात, पण त्यासाठी रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जावे. दिवसातून एकदाच घ्यावयाची औषधे पुष्कळ आहेत, तीन वेळच्या गोळ्यांऐवजी तशी देता येतात. लघवीची गोळी सहेरीला घेऊन उन्हाळ्यात दिवसभर निर्जळी राहिले की दुपारपर्यंत घेरी येते. तिची वेळ किंवा मात्रा बदलावी लागते. इफ्तारला तळलेले, खारट पदार्थ पुढे असतात, तिथेही हात आवरावा. खजुरांत पोटॅशियम बरेच असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किती खावेत हे विचारून घ्यावे. आणि ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे आहे त्यांना डॉक्टर नको म्हणाले, तर आजाऱ्याला दिलेली सवलत दीनमध्येच आहे. ती घेण्यात कमीपणा मानणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना मुलांनी नव्हे, मौलवी साहेबांनी समजावले तर लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

औषधांची संख्या वाढू द्यावयाची नसेल तर स्वयंपाकघरातही थोडे पाहिले पाहिजे. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक लहान चमचाही नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे सुकी मासळी, लोणचे, पापड आणि वर ताटात मिठाची चिमूट! मिसरी लावणाऱ्या आयाबहिणींनी तंबाखूनेही दाब चढतो हे जाणावे. आणि रक्तदाब मोजावयाचा तर त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा. जिना चढून, रांगेत भांडून आलेल्या माणसाचा दाब लगेच मोजला आणि त्यावर गोळी वाढविली, तर ती गोळी त्या जिन्यासाठी झाली.

आता मी विद्यार्थ्यांकडे वळतो, कारण खरे काम मला त्यांच्याकडून करून घ्यावयाचे आहे. पालकांपैकी कित्येकजण परदेशी आहेत, घरी दादी आणि नातवंडे. तुम्हाला इंग्रजी अक्षरे वाचता येतात, दादीला येत नाहीत. सुट्टीच्या दिवशी ती पिशवी तिच्या परवानगीने बाहेर काढा. वहीच्या एका पानावर लिहा : औषधाचे खरे नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी, कोणी दिले, कशासाठी दिले. ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा राहिला तर तो तसाच राहू द्या, कारण डॉक्टरांना विचारावयाचा पहिला प्रश्न तोच. चूर्ण, जोशांदा, मलम, परदेशातून आलेल्या डब्या, सर्व काही लिहा. मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढा. स्वतः काही बंद करू नका, काही सुरू करू नका. ते पान दादीच्या बटव्यात घडी करून ठेवा, आणि ती कोणत्याही दवाखान्यात गेली की आधी पान पुढे, मग नाडी. वडील कुवेतला वा मुंबईला असतील तर त्या पानाचा फोटो त्यांनाही पाठवा. माझ्या अम्मीच्या शेजारी तेव्हा असे एखादे सातवीतले पोर असते तर तिचे मनगट कदाचित शाबूत राहिले असते. ते आता पावसाळ्यात दुखते, आणि दुखले की ती माझ्याकडे पाहते, बोलत काही नाही.

मुख्याध्यापक साहेबांना मी विनंती केली होती आणि त्यांनी ती मान्य केली आहे. कार्यक्रमानंतर विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी आणि माझे दोन डॉक्टर मित्र तास-दीड तास बसणार आहोत. ज्यांनी निरोपाप्रमाणे घरच्या पिशव्या बरोबर आणल्या आहेत त्यांनी तिथे यावे. वडीलधाऱ्यांना प्रथम बसवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला जाईल. आज कोणाचे औषध आम्ही बदलणार नाही. यादी करून देऊ आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी देऊ. नववीची मुले यादी लिहावयास मदत करणार आहेत. प्रयोगशाळेचा उंबरा जरा उंच आहे, बुजुर्गांचा हात धरून आणावे.